पट्टा कोण धरणार?

रुग्णाला काहीही झालं नाही, आणि मी नापास झाले.

ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून मी आठवडाभर घरात धुसफुसत होते. भांडी घासताना तीच, गाडी चालवताना तीच. नवऱ्याला तर ती पाठ झाली होती. "अगं, झालं ना आता," तो म्हणायचा, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. बिचारा शेवटी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायच्या निमित्ताने निघून जायचा आणि पंधरा मिनिटांनी यायचा. आमचा कचऱ्याचा डबा दारापासून चार पावलांवर आहे.

मी मूळची फौजेतली नर्सिंग ऑफिसर. वडील सातारा जिल्ह्यातले, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पुण्याच्या लष्करी कॉलेजात चार वर्षं शिकून खांद्यावर दोन स्टार लागले तेव्हा आप्पांनी मला कॉलेजच्या गेटवर कडक सॅल्यूट ठोकला होता आणि वर म्हणाले होते, "घरी गेल्यावर मातूर मी बाप हाय, ध्यानात ठेव."

पहिलं पोस्टिंग मिळालं ते उत्तरेकडच्या डोंगरातलं एक छोटं हॉस्पिटल. भूल देणारे मेजरसाहेब एकच आणि ऑपरेशनची टेबलं दोन. एकदा जवानांचा ट्रक रस्त्यावरून घसरला आणि दोन्ही टेबलं एकदम भरली. मेजरसाहेबांनी माझा हात धरून एका जवानाच्या तोंडावरच्या मास्कवर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याखाली. दुसऱ्या हातात श्वासाची बॅग दिली. "छोड़ना मत," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. भूल दिलेला माणूस स्वतः श्वास घेत नाही, तो आपण द्यायचा असतो. मी बॅग दाबत होते आणि त्याची छाती वर येत होती. चाळीस मिनिटं मी त्या पोराचा श्वास घेतला. माझ्याच वयाचा होता. त्या दिवशी मी ठरवलं की आयुष्यात दुसरं काही करायचं नाही, हेच करायचं.

तिथल्याच वाचनालयात एका मासिकात वाचलं होतं की अमेरिकेच्या फौजेत नर्सेसना भूल देण्याचं पदव्युत्तर शिक्षण देतात आणि मग त्या स्वतः, आपल्या जबाबदारीवर भूल देतात. ते पान मी फाडून घेतलं. वाचनालयाच्या मासिकाचं पान फाडणं हा माझ्या नोकरीतला एकमेव गुन्हा. आपल्याकडे असं काही नव्हतंच. निदान ऑपरेशन थिएटरचा कोर्स मिळावा म्हणून दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा माझं नाव आलं नाही. मुदत संपली, कॅप्टन म्हणून बाहेर पडले. मग लग्न, मग नवऱ्याची नोकरी ॲथलोनजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, आणि मी आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात. हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही. मिडलंड्समधलं, म्हणजे देशाच्या मधल्या भागातलं आहे आणि तिथला चहा वाईट आहे, एवढं पुरे.

आयर्लंडमध्येसुद्धा नर्स भूल देत नाही. भूल डॉक्टर देतो, नर्स त्याच्या बाजूला उभी राहते: मशीन तपासते, नळ्या तयार ठेवते, मागेल ते हातात देते. पण त्यासाठीसुद्धा इथे वर्षभराचा पदव्युत्तर कोर्स आहे. सात वर्षं मागे लागून मी तो मिळवला. अमेरिका नाही तर नाही, निदान त्या खोलीत तरी असेन, असा माझा हिशेब. अडतिसाव्या वर्षी, मांडीवर लॅपटॉप, शेजारी मुलीचा गृहपाठ आणि गॅसवर कुकर, अशी मी अभ्यासाला बसले. लेखी परीक्षेत वर्गात पहिली आले. प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे खरं ऑपरेशन, खरा रुग्ण, आणि कोपऱ्यात हातात कागद घेऊन उभी असलेली आमची शिक्षिका. ती ट्रली नावाच्या गावची. उंच, शांत, आणि बोलताना कधीही घाई न करणारी. ते मला आणखीच सहन व्हायचं नाही.

तर त्या दिवशी. रुग्ण एक बाई, साधं हर्नियाचं ऑपरेशन. भूल देणारा डॉक्टर कॉर्क शहरचा, तरुण, स्वभावाने गोड, शिकाऊच. औषध दिलं, बाई झोपल्या, श्वास थांबला. आता घशात नळी घालायची. त्याने एकदा प्रयत्न केला, नळी गेली नाही. मग मास्क धरला, तर मास्क नीट बसेना. मॉनिटरचा आवाज खाली खाली यायला लागला. ऑक्सिजन चौऱ्याण्णव. नव्वद. माझी बोटं शिवशिवायला लागली. अरे, असा धरतात का मास्क? तो वरून दाबत होता, जबडा उचलतच नव्हता. अठ्ठ्याऐंशी झाले आणि मला राहवलं नाही. मी त्याला खांद्याने बाजूला केलं, मास्क घेतला, तीन बोटं जबड्याखाली घातली आणि बॅग दाबली. छाती वर आली. नव्वद, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. माझ्या मनात मेजरसाहेब म्हणत होते, शाब्बास.

संध्याकाळी शिक्षिकेने मला तिच्या छोट्या खोलीत बोलावलं. चहा दिला. मला वाटलं, कौतुक होणार. तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि त्यावर 'अनुत्तीर्ण' लिहिलेलं होतं.

"तू मास्क फार सुंदर धरतेस," ती म्हणाली. "मी तीस वर्षांत इतका चांगला हात क्वचित पाहिलाय."

"मग?"

"मग मला एक सांग. तू मास्क घेतलास तेव्हा नर्स कोण होतं?"

"म्हणजे काय? मीच होते की!"

"नाही," ती तितक्याच शांतपणे म्हणाली. "त्या वेळी खोलीत दोन डॉक्टर होते आणि नर्स एकही नव्हती. मदतीची घंटा मी दाबली. घशातलं पाणी ओढायची नळी खाली पडली होती, ती मी उचलली. त्याला बारीक नळी हवी होती, ती आणायला रुग्णाचं डोकं सोडून तो स्वतः ट्रॉलीकडे गेला. मी तिथे परीक्षा घ्यायला होते. उद्या मी नसेन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, बाई वाचल्या की नाही? ती म्हणाली, हो, वाचल्या. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा आहे, आणि ती शेवटची. दुसऱ्यांदा नापास म्हणजे कोर्समधून बाहेर. आणि आमच्या हॉस्पिटलचा नियम असा की एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा पाठवत नाहीत. मी कप तिथेच ठेवला आणि 'थँक यू' न म्हणता बाहेर आले. आयर्लंडमध्ये याच्याइतका उद्धटपणा नाही.

घरी नवऱ्याने समजूत काढायचा प्रयत्न केला. त्याच्या कारखान्यात म्हणे एखादा भाग चांगला निघाला, पण ठरलेल्या पायऱ्या सोडून बनवला असेल, तर तो फेकूनच देतात. "वस्तू चांगली असली तरी पद्धत चुकली ना," तो म्हणाला.

"मी काय स्टेंट आहे?" मी किंचाळले. तो कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर गेला.

या सगळ्यात आप्पा आमच्याकडे आलेले होते, तीन महिन्यांसाठी. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात येतात. सकाळी शॅनन नदीच्या काठाने कान टोपीत बांधून फिरून यायचे, येताना वाटेत भेटेल त्याला 'ग्रँड, ग्रँड' म्हणत. हवा कशी आहे, ग्रँड. तब्येत कशी आहे, ग्रँड. इंग्रजीतला तेवढा एक शब्द त्यांनी इथे येऊन आपलासा केला आणि त्यावर सगळा गाव जिंकला. माझ्या नापास होण्याबद्दल मात्र ते चकार शब्द बोलले नव्हते. आठ दिवस नुसते बघत होते.

नवव्या दिवशी मी ठरवलं, रडगाणं पुरे. नापास केलंय ना? बघतेच. अशी पास होऊन दाखवीन की हिच्या हातातला कागद गळून पडेल. मी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं आणि त्याचं थिएटर केलं. रुग्ण आप्पा. डॉक्टर आमची मुलगी, वय वर्षं आठ, जिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून निघतं ते आयरिश इंग्रजीच. मास्क म्हणून तिचा लहानपणीचा वाफ घ्यायचा मास्क, बॅग म्हणून अर्धी हवा भरलेला चेंडू, आणि नळ्या म्हणून प्रेसमधल्या स्ट्रॉ. कपाटाला प्रेस म्हणायला मीही आता शिकले आहे.

आप्पा टेबलावर आडवे झाले. गुडघे बाहेर लोंबत होते. "आगं, टेबल मोडंल की," ते म्हणाले.

"आजोबा, यू आर अस्लीप. स्टॉप टॉकिंग," मुलगी म्हणाली.

मी घड्याळ लावलं. मुलीला सांगितलं होतं की मास्क मुद्दाम वाकडा धरायचा. तिने धरला. मी मशीन बघितलं, नळी हातात दिली, घंटा म्हणून ठेवलेली देवघरातली घंटी वाजवायला वळले, आणि वळता वळता माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी मुलीच्या हातातून मास्क काढून घेतला.

"मम्मी! दॅट्स माय जॉब!"

"सॉरी, सॉरी. पुन्हा."

पुन्हा केलं. पुन्हा हात गेला. तिसऱ्यांदा मी डावा हात ओढणीने कमरेला बांधून घेतला, तर उजवा गेला. मुलगी रडवेली झाली आणि "दिस इज नो क्रेक ॲट ऑल," म्हणत, म्हणजे यात काही मजाच नाही म्हणत, खेळायला निघून गेली. मी खुर्चीत बसले आणि मला खरोखर रडू आलं. रागाचं नाही, भीतीचं. पहिल्यांदा मला वाटलं की मी दुसऱ्यांदासुद्धा नापास होणार. माझं डोकं ऐकेल, पण हात ऐकणार नाहीत. आणि मग उरलेलं आयुष्य वॉर्डात, त्या फाडलेल्या पानासकट.

आप्पा टेबलावर उठून बसले. मास्क अजून गळ्यात होता.

"ती बाई तुला काय म्हनली, पुन्यांदा सांग बरं," ते म्हणाले. "शब्दाला शब्द."

मी सांगितलं. तू मास्क घेतलास तेव्हा नर्स कोण होतं.

आप्पा म्हणाले, "मी मशीनगनवर नंबर दोन व्हतो, ठावं हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं, पण म्हणजे काय ते मी कधी विचारलं नव्हतं. आप्पांच्या फौजेतल्या गोष्टी आम्ही लहानपणी इतक्या ऐकल्या होत्या की ऐकणंच सोडून दिलं होतं.

"गनवर तीन मानसं. नंबर एक ट्रिगरवर. नंबर दोन त्याच्या डाव्या अंगाला, गोळ्यांचा पट्टा धरून. पट्टा सरळ ग्येला तर गन चालती, पिळला का अडाकली. नंबर तीन मागनं पेट्या आनतो. आमचा नंबर एक व्हता, नेम असा वंगाळ की इचारू नगं. आन् माझा नेम पल्टनीत दुसरा." आप्पांनी मास्क गळ्यातून काढला. "येकदा फायरिंगची परीक्षा. मोठं साहेब समोर उभं. ह्यो गडी निशान सोडून समदीकडं मारतोय. मला ऱ्हावंना. म्या त्याला कोपरानं ढकलला आन् ट्रिगर धरला. येक लांब फैर, समद्या गोळ्या निशानावर. वाटलं, आता साहेब पाठ थोपटनार."

"मग?"

"मग पट्टा पिळला. गन अडाकली. पुढं काय बोलंच ना." ते स्वतःशीच हसले. "उस्ताद आला. मला वाटलं शिव्या द्येतोय. शिवी न्हाई दिली. इतकंच इचारलं, 'तू ट्रिगर पकड़ेगा तो पट्टा कौन पकड़ेगा?' मंग गनची तिपाई खांद्यावर घिऊन मैदानाला धा चक्कर. आजवर ही गोष्ट मी कुनाला सांगितल्याली न्हाई. तुझ्या आईला बी न्हाई."

मी डोळे पुसले. "पण आप्पा, तुमचा नेम त्याच्यापेक्षा चांगला होता ना?"

"व्हता की."

"मग हे बरोबर आहे का?"

"आगं पोरी, नेम कुनाचा चांगला ह्यो सवालच न्हवता. सवाल असा व्हता की पट्टा कोन धरनार. तुझ्या त्या ट्रलीच्या बाईनं आन् माझ्या उस्तादानं येकच सवाल इचारलाय. उत्तर न्हाई आलं म्हून आपुन दोघं बी नापास."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती शिक्षिका बोलली तेव्हा मला नियम ऐकू आला होता. आप्पा बोलले तेव्हा जमिनीवर पडलेली ती नळी दिसली, डोकं सोडून ट्रॉलीकडे धावलेला तो पोरगा दिसला. बाई वाचल्या त्या माझ्या हातामुळे, हे खरंच. पण त्या दोन मिनिटांत त्यांना उलटी झाली असती तर ती ओढून काढणार कोण? माझे दोन्ही हात मास्कवर आणि बॅगेवर होते. डोंगरातल्या त्या हॉस्पिटलात मेजरसाहेबांनी मास्क मला दिला होता. मी घेतला नव्हता.

"आता हुबी ऱ्हा," आप्पा म्हणाले. मी उठले, आणि सवयीने हात मागे बांधून विश्रामात उभी राहिले. "आगं ये, विश्राम न्हाई! हात मागं बांधून नंबर दोन काय करनार, गवत उपटनार? हात पट्ट्यावर. सदा पट्ट्यावर. हाताला काम दिलं का त्यो ट्रिगरकडं जात न्हाई."

त्या दिवसापासून रोज चहानंतर कवायत सुरू झाली. आप्पा उस्ताद. मुलीला परत बोलावलं, तिला दर वेळी एक बिस्किट कबूल केलं. माझ्या एका हाताने ती पाणी ओढायची नळी उशीखाली आहे का ते चाचपायचं, दुसऱ्या हाताने पुढची वस्तू उचलायची. हात रिकामा दिसला की आप्पा टेबलावरून ओरडायचे, "पट्टा!" शेजारच्या आयरिश आजीने एकदा कुंपणावरून विचारलं की तुमचे वडील रोज चार वाजता कशाला ओरडतात. नवऱ्याने सांगितलं, योगासनं.

दुसऱ्या आठवड्यात मी ट्रलीच्या बाईच्या खोलीत गेले. आधी न म्हटलेलं 'थँक यू' म्हटलं. मग विचारलं की माझ्या सुट्टीच्या दिवशी मी येऊन नुसती उभी राहू का, दुसऱ्या नर्सेसचे हात बघायला. ती म्हणाली, ये. चार आठवडे मी सुट्टी घरी घेतलीच नाही. मिळाले ते सगळे दिवस मी तिथे उभी होते, आणि मला कळलं की चांगली नर्स मागण्याच्या अर्धा क्षण आधी वस्तू पुढे करते. हे दिसायला काहीच नाही. करून बघा.

परीक्षेच्या दिवशी बोर्डवर भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव बघितलं तर तोच, कॉर्कचा. तोही मला बघून जरा ओशाळला. शिक्षिका कोपऱ्यात, हातात कागद. रुग्ण एक शेतकरी, साठीचा, दांडगा, आणि छातीपर्यंत पांढरी दाढी. दाढी बघूनच पुढची अडचण मला दिसली, कारण दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, बाजूने हवा निघून जाते. मी भूल देण्याआधीच वाकडी नळी, मोठा मास्क आणि पुढची सगळी हत्यारं ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात काढून ठेवली आणि डॉक्टरला मोठ्याने सांगितलं काय कुठे आहे ते. म्हातारा झोपण्यापूर्वी म्हणाला, पोरी, दाढी कापू नका, गायी ओळखायच्या नाहीत. आम्ही सगळे हसलो. मग तो झोपला आणि श्वास थांबला.

डॉक्टरने मास्क लावला. बाजूने हवा फुस्स. छाती हलेना. मॉनिटरचा आवाज खाली येऊ लागला. चौऱ्याण्णव. माझी बोटं शिवशिवली. खोटं कशाला सांगू, जास्तच शिवशिवली. त्या दाढीखाली जबडा कुठे आहे ते मला दिसत होतं. एक्याण्णव. डोक्यात आप्पा ओरडले, "पट्टा!"

मी डाव्या हाताने भिंतीवरची लाल घंटा दाबली. उजव्या हाताने तोंडात घालायची वाकडी नळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने घातली. पाणी ओढायची नळी उशीखाली चाचपली, होती. नव्वद. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला कळलं. मागच्या वेळेसारखा तो बाजूला व्हायला तयार होता. मी मास्क घेतला असता तर त्याने दिला असता.

"तू दोन्ही हातांनी मास्क धर," मी म्हटलं. "जबडा वर उचल. बॅग मी दाबते."

त्याने दोन्ही हातांनी धरला. दाढी बोटांत दाबून, जबडा उचलून. मी बॅग दाबली. हवा कुठूनही निघाली नाही. छाती वर आली, हळूच, पण आली. पुन्हा दाबली. ब्याण्णव. शहाण्णव. नव्याण्णव. दारातून मोठी डॉक्टरीण धावत आली, तोवर धावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग दुसऱ्या प्रयत्नात त्याने घशात श्वासाची नळी घातली, आणि त्याने हात पुढे करायच्या आत ती माझ्याकडून त्याच्या हातात पोचली होती.

ऑपरेशन संपल्यावर तो पोरगा हात धुता धुता म्हणाला, "तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मग घेतला का नाहीस?"

"मग बॅग कोणी दाबली असती?" मी म्हटलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो मान हलवून हसला.

शिक्षिकेच्या हातातला कागद काही गळून पडला नाही. तिने तो माझ्याकडे फिरवला, सही करण्याची जागा दाखवली आणि म्हणाली, "आता नर्स होती." मी सही केली. तिने चहा केला. तो याही वेळी वाईटच होता, पण मी दोन कप प्यायले.

घरी आले तर आप्पा स्वयंपाकघरात कांदा चिरत उभे होते. मुलीने माझा चेहरा बघितला आणि "शी पास्ड! शी पास्ड!" करत बाबाला फोन करायला पळाली. आप्पांनी सुरी खाली ठेवली नाही. पाठमोरेच म्हणाले,

"ट्रिगरला हात लावलास का?"

"नाही, आप्पा."

"लावावा वाटला?"

"फार वाटला हो. अगदी शेवटपर्यंत."

आप्पांनी मान डोलावली. चिरलेला कांदा त्यांनी एका बाजूला सारला, पुन्हा सारला. मग डोळे पुसले. कांदाच होता म्हणा, पण मला ते आजवर खरं वाटलेलं नाही.

"मला बी वाटायचा," ते म्हणाले. "सात वर्सं. रोज."